पाठीवरची खुर्ची

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वर्ध्याहून बोर धरण पाहायला गेलो. जवळची टेकडीही चढायची ठरली, तशी आई म्हणाली, "माहे गुडघे नाई चालत. तुमी जा, मले फोटो दाखवजो." ती गाडीतच बसली आणि मी बायको-मुलीसोबत निघालो.

अर्ध्या वाटेत सत्तरीतलं एक जोडपं उतरताना भेटलं. काकांनी लाल प्लास्टिकची खुर्ची दोरीने दप्तरासारखी पाठीला बांधली होती. वळणावर त्यांनी ती उतरवली, तिचे पाय दाबून पाहिले आणि जो डुगडुगत होता त्याच्याखाली चपटा दगड सरकवला. मग खांद्यावरच्या दुपट्ट्याने बसायची जागा पुसून म्हणाले, "बस वं." काकू बसल्या. काका उभ्यानेच त्यांना वारा घालत राहिले.

"एवढं ओझं कशाला वाहता काका?" मी हसत विचारलं.

"एकटाच वर गेलो असतो, तं दाखवलं कोणाले असतं?"

आईसाठी फोटो काढायला मी मोबाइल वर धरला होता. तो खिशात टाकला, बायको-मुलीला तिथेच थांबायला सांगितलं आणि त्या जोडप्यासोबतच खाली उतरलो. पायथ्याच्या चहाच्या टपरीवर काकांनी, मी न मागताच, खुर्ची माझ्या पाठीला बांधून दिली. "आरामात येजो. आमी बसलो हाओत."

आई चार वेळा बसत बसत अर्ध्या टेकडीपर्यंतच आली. तिने धरणाचं पाणी डोळे भरून पाहिलं. मग खाली बोट दाखवलं.

"थे आपली गाडी व्हय नं? केवढीशी दिसते रे! मी तिच्यातच बसून राह्यली असती."