मागच्या दाराचं राहिलेलं काम

वडिलांनी ती गाडी घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या मुंबईत लिलावात निघायच्या. त्यातली एक वडिलांच्या ओळखीच्या एका अधिकाऱ्याने घेतली होती, आणि त्याची बदली झाल्यावर ती आमच्याकडे आली. वडील सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. सुट्टीच्या दिवशी ते गाडीच्या खाली असायचे नाहीतर गाडीच्या आत. रंग फिकट हिरवा, नाक लांब, आणि स्टीअरिंग डावीकडे.

डावीकडे बसून आपल्या रस्त्यावर गाडी चालवताना पुढच्या ट्रकच्या पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून उजव्या सीटवर आई बसायची आणि रस्ता बघून सांगायची. "थांबा." "अजून थांबा." "चला." तिला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, पण वडील ट्रकला मागे टाकायचे ते तिच्या शब्दावर. तिच्या 'चला'वर त्यांनी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. ती हरसूलला शाळेत शिकवायची. लग्न केलं नव्हतं. सगळी नोकरी तिकडेच काढली आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला यायचं ठरलं. मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. तिला आणायला आम्ही तिघं गाडी घेऊन गेलो. शाळेने तिला शाल-नारळ दिला होता, मुली रडत होत्या, आणि सामान वाटलं त्यापेक्षा जास्त निघालं. डिकी भरली. उरलेली ट्रंक आणि गादीची वळकटी मागच्या सीटवर आत्याच्या आणि माझ्यामध्ये आली. आत्या उजवीकडे, आईच्या मागे. आईने तिला नीट बसवलं, पदर दारात सापडू नये म्हणून आत सारला, दार लावलं आणि मग ती पुढे येऊन बसली. दार लागल्याचा जाड आवाज मी ऐकला. त्या गाडीच्या दारांसारखा आवाज आमच्या ओळखीच्या कुठल्याच गाडीला नव्हता.

वाघेऱ्याच्या घाटात उतरताना एका डाव्या वळणावर ते दार उघडलं. आत्याने पुढच्या सीटची पाठ धरायला हात टाकला आणि ती बाहेर गेली. मी वळकटीवरून झेप घेतली, माझ्या हाताला वळकटीच लागली.

वडिलांनी गाडी थांबवली तेव्हा आत्या बरीच मागे रस्त्याच्या कडेला पडली होती. वरच्या शेतात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजत असलेल्या बाया धावत खाली आल्या. त्यातल्या एकीने तिला ओळखलं. "आमच्या बाई हायेत या," ती म्हणाली, आणि वडील उचलायला वाकले तेव्हा त्यांचा हात धरून तिने थांबवलं. कंबर मोडली असेल, असंच उचलू नका, असं ती सांगत होती. बायांनी घरून एक खाट आणली. मागून आलेल्या जीपमध्ये ती खाट आडवी घालून आत्याला नाशिकला नेलं. आई जीपमध्ये तिच्यापाशी बसली. मी आणि वडील गाडीतून मागे गेलो.

निघण्यापूर्वी वडिलांनी ते दार कितीतरी वेळा उघडलं आणि लावलं. प्रत्येक वेळी ते व्यवस्थित लागलं. त्यांनी खांद्याने आतून जोर लावून पाहिला, ते हललं नाही. मी त्यांना सांगितलं की आईने दार लावलं होतं, मी आवाज ऐकला. गिरणारे गाव आल्यावर ते म्हणाले, "आवाज येणं वेगळं आणि खटका बसणं वेगळं."

त्यांनी हे वाक्य आईला कधी ऐकवलं नाही. ऐकवायची गरजही पडली नाही. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक माणूस कसं झालं म्हणून विचारायचा आणि आत्या सांगायची, "हिच्याकडून दार नीट लागलं नाही." ती रागाने सांगायची नाही. वर्गात चुकलेलं उदाहरण फळ्यावर दाखवावं तशी सांगायची. आई तिथेच असायची, पाण्याचं भांडं धुवून पुन्हा भरत.

खुब्याचं हाड नीट जुळलंच नाही. आत्या घरी आली ती पलंगावर, आणि नंतरची वर्षं पलंगावरच राहिली. तिला उठवणं, बसवणं, अंग पुसणं, कूस बदलणं हे सगळं आईने केलं. आत्या माणूस म्हणून वाईट नव्हती. उभा जन्म स्वतःचं स्वतः केलेल्या बाईला दुसऱ्याने उचलावं लागतं, याचाच तिला फार त्रास व्हायचा. एकदा मी खोलीत असताना ती आईला म्हणाली, "तुझे हात दुखत असतील." आईने नाही म्हटलं. मला वाटलं, आता ती आणखी काही बोलेल. तिने मान भिंतीकडे वळवली. पुढच्या आठवड्यात गावाकडून कोणी भेटायला आलं तेव्हा तिने दाराची गोष्ट पुन्हा तशीच सांगितली.

आई त्या गाडीत परत बसली नाही. वडिलांनी आग्रह केला नाही. ते एकटे गाडी काढायचे आणि ट्रकच्या मागे ट्रकच्याच चालीने जायचे, कारण पलीकडचं सांगायला कोणी नव्हतं.

आत्या गेली तेव्हा माझं लग्न होऊन मी नाशिकमध्येच इंदिरानगरला राहत होते. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी वडिलांना पुढच्या काचेचं रबर हवं होतं. इथे मिळत नव्हतं. इंटरनेटवर सगळं सापडतं असं त्यांनी ऐकलं होतं, म्हणून मी त्यांना कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत घेऊन गेले. तिथे त्याच मॉडेलची गाडी बाळगणाऱ्या परदेशी हौशी लोकांचं एक पान सापडलं. रबराची माहिती शोधता शोधता मी ते पान खाली सरकवत गेले, आणि तिथे लिहिलं होतं की या सालांच्या गाड्या कंपनीने दोन कामांसाठी परत बोलावल्या होत्या. एक स्टीअरिंगच्या जॉइंटचं. दुसरं मागच्या दाराच्या लॉकचं. दार पूर्ण लागलेलं असलं तरी वळणावर गाडीचा सांगाडा पिळला गेला की खटका सुटू शकतो. जुन्या गाडीवाल्यांनी ही कामं राहिली आहेत का ते तपासून घ्यावं.

मी मराठीत वाचून दाखवत होते. वडील माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग कंपनीने गाड्या कधी बोलावल्या ते विचारलं. आम्ही गाडी घेण्याच्या कितीतरी आधी. तोपर्यंत आमची गाडी जहाजातून मुंबईला आलेली होती आणि ते बोलावणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. काचेच्या रबराचं आम्ही दोघंही विसरलो.

घरी आई मेथी निवडत बसली होती. वडील तिच्या समोरच्या खुर्चीत बसले. "दार तू लावलं होतंस," ते म्हणाले. "लॉकच सदोष होतं. कंपनीला ठाऊक होतं."

आईचे हात थांबले नाहीत. "मला माहीत होतं मी लावलं होतं ते," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "वन्संना सांगायला हवं होतं हे. मला सांगून काय होणार."

वडील उठून बाहेर गाडीपाशी गेले. मी आईजवळ बसून राहिले. तिने माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली.

त्यानंतर वडिलांनी एकच धरलं, की ही राहिलेली कामं कंपनीकडूनच करून घ्यायची. मी त्यांना म्हटलं की सातपूरला तुमच्याच ओळखीत एवढी वर्कशॉप आहेत, कुठेही लॉक बनवून घेऊ. त्यांना ते नको होतं. काम ज्यांचं आहे त्यांनी करावं, असं ते म्हणायचे. कंपनीला मी त्यांच्या वतीने ईमेल केली. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं, फार सभ्य भाषेत. दुरुस्ती मोफत आहे, पण गाडी मूळ जिथे विकली गेली त्या देशातल्या विक्रेत्याकडे न्यावी लागेल. वडिलांनी मला विचारलं की त्यांना गाडी भारतात आहे हे कळलंय का. कळलंय, मी म्हटलं.

पुढे त्या कंपनीचं नवं शोरूम मुंबईत निघाल्याचं त्यांनी पेपरात वाचलं. माझ्या नवऱ्याने समजावून पाहिलं की ते नव्या गाड्या विकणारे लोक आहेत. वडील ऐकेनात. शेवटी मी त्यांच्यासोबत गेले, उजव्या सीटवर. कसारा घाटात मला 'चला' म्हणायचा धीरच झाला नाही. ट्रकांच्या मागून जात आम्ही दुपारी पोचलो.

शोरूममध्ये आमचं स्वागत झालं. टाय घातलेले तरुण विक्रेते बाहेर आले, गाडीभोवती फिरले, बॉनेटवर हात ठेवून एकमेकांचे फोटो काढले. क्लासिक आहे, विकणार का, असं कोणीतरी विचारलं. आम्हाला थंड खोलीत बसवून कॉफी दिली. तिथल्या मॅनेजरने चासीचा नंबर संगणकात घालून पाहिला आणि संगणकाने तो घेतला नाही. पुन्हा घातला, पुन्हा नाही.

"सिस्टीममध्ये ही गाडीच नाही, काका," तो म्हणाला. "आणि एवढ्या जुन्या गाडीचं काहीतरी निघणारच ना."

"जुनी झाल्यामुळे नाही निघालं," वडील म्हणाले. "नवी होती तेव्हाच निघालं होतं. तुमचं काम राहिलंय."

मॅनेजर नम्र होता. आपल्या हातात काही नाही, असं त्याने बऱ्याच तऱ्हांनी सांगितलं. मग वडील म्हणाले, दुरुस्ती राहू दे, एवढं लिहून द्या की या गाडीच्या लॉकचं काम कंपनीकडून राहिलेलं आहे. तेव्हा मला कळलं की ते मुंबईला कशासाठी आले होते. मॅनेजर म्हणाला, जी गाडी आमच्याकडे नोंदलेलीच नाही तिच्याबद्दल आम्ही लिहून कसं देणार? वडिलांनी मान हलवली. आपण कारखान्यात असतो तर आपणही हेच सांगितलं असतं, असं ते परतताना इगतपुरीच्या आसपास म्हणाले.

मग त्यांनी माझं ऐकलं. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून त्याच मॉडेलचं एक लॉक मिळवलं. ते आमच्या गाडीतल्या लॉकपेक्षा नवं दिसत होतं. सातपूरच्या एका मित्राच्या शेडमध्ये दोघांनी मिळून ते बसवलं. रविवारी सकाळी वडील मला घेऊन गंगापूर धरणाकडच्या रस्त्याला गेले. मागच्या सीटवर उजवीकडे त्यांनी वाळूचं पोतं ठेवलं होतं. ते पोतं दाराला टेकेल असं ठेवून त्यांनी दार लावलं, मला आतून तपासायला सांगितलं आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी डावीकडे वळवत राहिले, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जरा जोरात. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटायला लागलं की झालं एकदाचं. आणि मग दार उघडलं आणि पोतं रस्त्यावर गेलं.

वडील गाडी थांबवून मागे चालत गेले. पोतं फुटून वाळू पसरली होती. ते तिथे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. एक दुधवाला मोटारसायकल थांबवून विचारू लागला, काय सांडलं. मी काही नाही म्हणून त्याला पाठवलं. वडील मला म्हणाले, "हेसुद्धा त्याच वेळचं निघालं. त्यांनी सगळीच तशी बनवली असणार."

त्या महिन्यात त्यांनी मागची दोन्ही दारं वेल्डिंग करून कायमची बंद करून टाकली. स्टीअरिंगच्या जॉइंटचं काम तसंच राहिलं, त्याला कुठलाही उपाय सापडला नाही. एकदा आईला म्हणाले, आता मागून काही पडायचं नाही, पंचवटीपर्यंत तरी चल. आई म्हणाली, रिक्षाने जाऊ. ते दोघं रिक्षाने गेले.

वडील गेल्यावर विंचूरच्या बाजूला नवं हॉटेल काढणाऱ्या एका माणसाने गाडी मागितली. त्याला मी दोन्ही राहिलेली कामं सांगितली. त्याला ती चालवायचीच नव्हती, बागेत उभी करायची होती. लोक तिच्याजवळ फोटो काढतात म्हणे. मी बघायला गेले नाही.

मागे आमच्याकडच्या एका लग्नात जेवणाच्या पंगतीत वडिलांचा चुलतभाऊ नव्या सुनेला घरातल्या माणसांची ओळख करून देत होता. आत्याचा विषय निघाला. फार हुशार बाई, तो म्हणाला, पण आमच्या वहिनींकडून गाडीचं दार लागायचं राहिलं आणि बिचारी खाटेला खिळली. आवाज खाली आणायचं त्याला सुचलंही नाही, इतकी ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती. मी सांगायला सुरुवात केली, की ते तसं नव्हतं, कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या. तो ऐकत होता, पण चेहऱ्यावर आईची बाजू घेणाऱ्या लेकीचं कौतुक होतं. कंपनी कशाला परत बोलावेल विकलेली गाडी, तो हसून म्हणाला.

शेजारच्या पानावर आई होती. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "भात गार होतोय," ती म्हणाली. वाढपी वरण घेऊन आला, तिने त्याला माझ्या पानात वाढायला सांगितलं. आम्ही जेवलो.