फुलांच्या खोलीत इन्सुलिन

मला एडीएचडी आहे हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "यासाठी डॉक्टर कशाला हवेत? पोळी तव्यावर टाकून गॅलरीत जाऊन उभी राहणारी मुलगी मी लहानपणापासून बघतेय." ऑफिसात मात्र मी कोणाला काही बोलले नाही.

मी इंदूरमध्ये औषधं पुरवणाऱ्या एका कंपनीत आहे. आमच्या गोदामातून देवास, उज्जैन, रतलामपर्यंत माल जातो. तेव्हा माझ्याकडे बिलं आणि बॅच नंबर जुळवायचं काम होतं. डोळे स्क्रीनवर असले तरी कान बाहेरच्या ड्रायव्हरांच्या गप्पांकडे असायचे. पुण्याहून आलेले आमचे मॅनेजर तसे शांत गृहस्थ. एकदा म्हणाले, "मॅडम, तुमचं लक्ष इथलं टेबल सोडून सगळीकडे असतं." ते हसत म्हणाले होते, तरी मला लागलं.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर बंद पडला. आत इन्सुलिन भरलेलं. ते दोन ते आठ डिग्रीत ठेवावं लागतं. तापमान त्यावर गेलं तर तो माल आम्हाला विकता येत नाही. मेकॅनिक म्हणाला, "पार्ट भोपाल से आएगा, शाम तो होगी." बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. सगळे एकदम बोलायला लागले, फोन वाजायला लागले, कोणी कोणाचं ऐकेना.

मला आठवतंय, गोंगाट जसा वाढला तसं माझं डोकं शांत होत गेलं. एरवी दहा दिशांना पळणारे विचार एका जागी येऊन थांबले.

"शेजारच्या आइसक्रीमवाल्याचा फ्रीजर घेऊ," मॅनेजर म्हणाले.

"नको सर, तिथे इन्सुलिन गोठेल. गोठलं की तेही बाद. आपल्याला फुलांची खोली पाहिजे."

"फुलांची?"

लग्नसराईत भाचीच्या लग्नाची फुलं सांगायला मी स्नेहलतागंजजवळच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे गेले होते. बाहेरगावचे गुलाब इतके ताजे कसे राहतात, असं सहज विचारलं आणि त्यातच रमले. त्यांनी कौतुकाने आपली थंड खोली उघडून दाखवली होती. दारावरच्या काट्यावर चार डिग्री. घरचे गाडीत ताटकळत बसले होते, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

मी त्यांना फोन लावला आणि इंदुरी थाटात विचारलं, "भिया, तुमची ती ठंडी खोली ख़ाली आहे का?"

"अरे दीदी, इस हफ़्ते शादियाँ कम हैं. आधी ख़ाली पड़ी है. क्या रखना है?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "ले आओ. मैं तब तक धुलवाता हूँ."

आमच्या क्वालिटीच्या मॅडमना हे पटेना. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही आधी पुढे जा, स्वतः तापमान बघा. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच माल उतरवू." त्या गेल्या. इकडे आम्ही बर्फाच्या पॅकचे डबे भरले. पॅक आणि औषध यांच्यामध्ये पुठ्ठे घातले आणि प्रत्येक डब्यात थर्मामीटर ठेवला. मोठा रस्ता खोदून ठेवलाय, छत्रीबागेकडून गेलं तर लवकर पोचतो, हे मला ड्रायव्हरांच्या गप्पांतूनच कळलं होतं. मी पुढच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसले. तहान-भूक काही आठवलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा क्वालिटीच्या मॅडम दारात उभ्या होत्या. "चार आहे, आणि स्वच्छ आहे. उतरवा," त्या म्हणाल्या. मोगऱ्याच्या वासात आम्ही डबे रचले. एकाही थर्मामीटरने आठ ओलांडले नव्हते. मॅडमनी शेवटचा डबा तपासला आणि एवढ्या लोकांसमोर मला घट्ट मिठी मारली.

संध्याकाळी मॅनेजरांनी मला बोलावलं. "फुलांचं कसं काय सुचलं तुम्हाला?"

"सर, मला एडीएचडी आहे," मी म्हणाले. ऑफिसात हे पहिल्यांदाच बोलत होते. "एका कामावर मन टिकत नाही. पण सगळीकडचं काही ना काही डोक्यात जाऊन बसतं. आणि गडबड झाली की मला साफ दिसायला लागतं."

ते म्हणाले, "मग आम्ही तुम्हाला चुकीच्या खुर्चीवर बसवलंय."

पुढच्या महिन्यात माझं काम बदललं. बॅच नंबर आता एक दुसरी मुलगी बघते. तिला ते मनापासून आवडतं. माझे फॉर्म अजूनही अर्धवट राहतात, आणि तीच मला हाक मारून पूर्ण करायला लावते. माझ्याकडे आता सोडवायला येतात त्या गोदामातल्या सगळ्या अडचणी. अडकलेल्या गाड्या, बंद पडलेली यंत्रं, ऐनवेळी बदललेल्या ऑर्डरी. कुठे काही बिघडलं की गोदामात आता आरडाओरडा होत नाही. कोणीतरी म्हणतं, "मॅडमना सांगा," आणि मी माझ्या खुर्चीतून उठते, ताठ मानेने.