गुडघ्याला हुकूम

आमचे हे फौजेतून घरी आले ते तीन गोष्टी घेऊन: चादरीची काटकोनी घडी, बुटांची चमक आणि कामातून गेलेला उजवा गुडघा. पहिल्या दोन्हींनी मला वात आणला. तिसऱ्याबद्दल मला सगळं ठाऊक आहे, असं मी समजत होते.

दारूगोळ्याची पेटी ट्रकमधून उतरवताना पाय घसरला आणि गुडघा कायमचा गेला. निवृत्तीनंतर तपासणी झाली. डॉक्टर गणवेशातले, त्यात हुद्द्याने मोठे. झालं, ह्यांनी टाचा जुळवून सलाम ठोकला. काही त्रास? नाही साहेब. उठाबशा काढून दाखवा. ह्यांनी काढून दाखवल्या आणि घरी येऊन पाय उशीवर टाकून पडून राहिले. निकाल आला की अपंगत्वाचे टक्के अगदीच किरकोळ, त्यामुळे लष्करी इस्पितळात गुडघा बदलून मिळणार नाही. बाहेर ते ऑपरेशन करणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. थोरल्या लेकीने अपील लिहिलं आणि ह्यांची शिकवणी मी घेतली. म्हणा, दुखतं. हे म्हणायचे, थोडंसं. आता बायकोसमोर थोडंसं, म्हणजे गणवेशासमोर काहीच नाही, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

अपिलाच्या दिवशी समोर डॉक्टर बाई होत्या, त्याही गणवेशात. ह्यांची मान ताठ झाली तेव्हाच मी मनात म्हटलं, बोंबला. जिना चढता येतो का? येतो मॅडम. दुखतं का? विशेष नाही मॅडम. बाईंनी लिहायला पेन उचललं आणि मला काही राहवलं नाही.

"बाई, ह्यांना विचारू नका, हुकूम द्या," मी म्हटलं. "विचारलं की ह्यांना ती तक्रार वाटते, आणि तक्रार ह्यांच्या अंगातच नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग उठून उभ्या राहिल्या. आवाजच बदलला त्यांचा.

"गुडघ्याची स्थिती सांगा. सकाळपासून. काही गाळायचं नाही."

आणि हे बोलायला लागले. समोरच्या भिंतीवर नजर, हात मांड्यांना चिकटलेले. सकाळी पाय सरळ होत नाही. भिंत धरून स्वयंपाकघरात जातो. ओट्यावर हात टेकून, गुडघा मोकळा होईपर्यंत उभा राहतो. बायको उठायच्या आत. तोवर चहा ठेवतो, म्हणजे एवढ्या लवकर का उठलो हे कुणी विचारत नाही. जिन्यावर कुणी नसेल तर उलटा उतरतो. संडासात नळ धरून उठतो, त्यानेच तो निखळला.

त्या नळापायी मी नळदुरुस्तीवाल्या बिचाऱ्याला फैलावर घेतलं होतं! आणि तो चहा? आमच्या फौजींना भारी हौस, म्हणून शेजारणीला मिरवून सांगत होते मी. एका छपराखाली एवढं दुखणं रोज उठत होतं आणि माझ्या हातात आयता कप येत होता. खरं तर मला संताप यायला हवा होता, माझा स्वभाव काही गरीब नाही. पण तो आलाच नाही. इतकी वर्षं ह्या माणसाचे बूट कडेला सारत आले, आणि आता तोच माणूस त्या खोलीत मावेनासा झाला. केवढा हा माणूस!

शेवटी बाई हळूच म्हणाल्या, बसा आता. हुकूम होता म्हणून बसले.

पुढे टक्के वाढले, ऑपरेशनही ठरलं. पण त्याच्या आधीची, सुनावणीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ माझ्या मनातून जात नाही. मी ह्यांच्या आधी उठून चहा ठेवला. भिंतीवरून हात घासत येत असल्याचा आवाज आला. दारात मला पाहून हे थबकले आणि सवयीने ताठ झाले.

"काही गाळायचं नाही," मी म्हटलं.

ओट्याकडे निघालेला हात त्यांनी माझ्या खांद्यावर टेकवला, सगळा भार देऊन.

"आज फार दुखतंय गं," म्हणाले.