दोरीवाले मास्तर

आठवडी बाजारात मी वांगी निवडत होतो. समोर सखारामजी बसले होते. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा आहे आणि त्यांचा नामदेव आमच्या शाळेतून मॅट्रिक झालेला. तागडी उचलता उचलता ते म्हणाले, "मास्तर, ते दोरीवाले मास्तर वारले म्हंते रिसोडले. परवाच्या रोजी." माझ्या हातातलं वांगं हातातच राहिलं. "काहून, तुमाले कोनी सांगतलं नाही?" त्यांनी विचारलं. नव्हतं सांगितलं… आणि मला कुणी कशाला सांगावं? दोरीवाले मास्तर म्हणजे रामकृष्ण देवळे. त्यांची नोकरी गेली, तुरुंग झाला, वाशीम सुटलं, त्या सगळ्याच्या मुळाशी माझं एक चित्र होतं. मी त्याच शाळेतला ड्रॉइंगमास्तर. आज सहा आठवडे झाले, लिहू की नको असं करतो आहे. गेलेल्या माणसाविषयी वर्तमानपत्राच्या पुरवणीत चार चांगले शब्द लिहायची रीत आहे. ते मी लिहीनच, पण आधी चार वाईट शब्द स्वतःविषयी लिहावे लागतील, नाहीतर त्यांच्याविषयीचे खरे वाटायचे नाहीत.

देवळे आमच्याकडे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायला आले तेव्हा त्यांच्याकडे एक ट्रंक, एक छत्री आणि नुकतंच लग्न झालेली बायको एवढाच संसार होता. आम्ही शेजारी राहत होतो. माझी बायको त्यांच्याकडे विरजण मागायला जायची आणि मी वाद घालायला. अंगानं काटकुळे, आवाज बारीक, पण एका बाबतीत भलते हट्टी. वरच्या वर्गांतल्या पोरांना ते अरेतुरे करत नसत. सोळा वर्षांच्या, नाकाखाली लव फुटलेल्या पोराला ते "नामदेवराव, तुमचं काय म्हणणं?" असं विचारायचे. शिक्षकांच्या खोलीत यावरून त्यांची यथेच्छ थट्टा व्हायची, आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. ते म्हणायचे, "ज्याला आपण मत विचारतो त्याला अरे म्हणायचं कसं?"

दोरीची हकीकत अशी. पुस्तकात राजकीय पक्षांवर जेमतेम एक परिच्छेद होता, तो पोरं पाठ करून घडाघडा म्हणायची. देवळ्यांनी पुस्तक मिटलं. फ्रान्समधल्या जुन्या सभेत, ज्यांना सगळं बदलायचं होतं ते अध्यक्षाच्या डाव्या हाताला बसले आणि ज्यांना राजाचं आसन सांभाळायचं होतं ते उजव्या हाताला बसले, बसायच्या जागेवरून नाव पडलं, त्यात दुसरं गूढ काही नाही, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते अंबाडीची दोरी घेऊन आले आणि फळ्याखाली भिंतभर बांधली. डावं टोक म्हणजे मुळापासून बदला आणि आत्ता बदला. उजवं टोक म्हणजे आहे ते सांभाळा, बदलायचंच तर जपून. मधे वाटेल तेवढ्या जागा. फळ्यावर एक प्रश्न लिहायचा, आणि प्रत्येकानं आपल्या नावाची चिठ्ठी बाभळीच्या काट्यानं दोरीला लावायची. नामदेव उठला. "मंग जी, डावा चांगला का उजवा?" देवळे म्हणाले, "तुमच्या घरच्या बैलजोडीत कोणता चांगला?" नामदेवनं डोकं खाजवलं. "डावा जरासाक कामचुकार हाये." "मग त्याला उजवीकडे जुंपा." "तसा तं पाऊलच नाही उचलत जी!" वर्ग खदखदून हसला. "मग बंडी ओढतं कोण?" नामदेव म्हणाला, "दोघं बी." देवळ्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "आजचा धडा झाला."

पक्षांची नावं त्यांनी फळ्यावर कधी लिहिली नाहीत. ते मागण्या लिहायचे. जमीन कसणाऱ्याची की मालकाची? कापसाचा भाव बाजारानं ठरवावा की सरकारनं? गावच्या विहिरीवर सगळ्यांनी पाणी भरावं का, आणि कधीपासून? नाव ऐकलं की माणूस विचार करायचा थांबतो, आपला कोण नि परका कोण एवढंच बघतो, असं त्यांचं म्हणणं. मागण्या लावून झाल्या की मग कुठला पक्ष कुठे बसतो ते पोरांनी ओळखायचं. गंमत अशी व्हायची की विहिरीच्या प्रश्नावर पाटलाचा मुलगा आणि नामदेव डावीकडे खेटून, आणि जमिनीचा प्रश्न आला की दोघं दोन टोकांना. नियम एकच होता. दुसऱ्याच्या चिठ्ठीला हात लावायचा नाही. आपली हवी तेव्हा हलवावी, मत बदललं तर त्यात लाज नाही. पोरं विचारायची, "मास्तर, तुमची चिठ्ठी कोठी हाये?" ते म्हणायचे, "ज्यानं दोरी बांधली त्यानं ती इथे लावू नये. तुम्ही माझ्या मागे मागे याल." मलाही त्यांनी एकदा विचारलं होतं, "विनायकराव, तुमची?" मी मिशीला पीळ देत उत्तर दिलं, कलावंताला बाजू नसते. त्यावर ते नुसते हसले.

आमच्या शाळेचं एक हस्तलिखित मासिक होतं. सजावट माझी, अर्थात. एका अंकासाठी मी त्या वर्गाचं चित्र काढलं. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बसून फळा, दोरी, काटे, सगळं जसंच्या तसं उतरवलं. प्रत्येक चिठ्ठीवरचं नाव बोरूनं असं कोरून लिहिलं की भिंगाशिवाय वाचता यावं. त्या दिवशी फळ्यावर प्रश्न होता, "परक्या सरकारनं कधी जावं?" डाव्या टोकाला पाच चिठ्ठ्या होत्या, तिथे खडूनं "आत्ता" लिहिलेलं. तेही मी उतरवलं. देवळ्यांनी चित्र पाहिलं आणि जरा थबकून म्हणाले, "नावं लिहायला हवी होती का?" मला राग आला. चित्रातलं त्यांना काय कळतं! हेडमास्तरांनी वाहवा केली, अंक कपाटात गेला, आणि मी विसरलो.

पुढच्याच वर्षी बेचाळीसचा ऑगस्ट उजाडला. गावात मिरवणुका निघाल्या, दुकानं बंद झाली, स्टेशनाकडच्या तारा कुणीतरी तोडल्या. कुणी तोडल्या ते मला आजही ठाऊक नाही. सकाळी अकराच्या सुमारास चौकशीचा अधिकारी दोन शिपाई घेऊन शाळेत आला. कपाट उघडायला लावलं, आणि तासाभरानं मला वर्गात बोलावणं आलं. आत गेलो. टेबलावर माझं चित्र उघडं पडलं होतं. तो अंक निघाला त्या वर्षी जी पोरं एक इयत्ता खाली देवळ्यांच्या वर्गात होती तीच आता मॅट्रिकला होती. पाचही जणं समोर बसलेली. शाळेतून नाव कमी झालं असतं तर शिक्षण संपलं, आणि वर तुरुंग. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत होते. देवळे फळ्यापाशी उभे होते, आणि त्यांच्या पाठीमागे ती दोरी रिकामी होती… चिठ्ठ्या त्यांनी सकाळीच काढून घेतल्या होत्या.

अधिकाऱ्यानं मला विचारलं, "हे चित्र तुमचं?" मी हो म्हणालो. "पाहून काढलं की मनानं?" देवळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला होता, कळला नाही असं मी आजवर स्वतःलाही सांगू शकलेलो नाही. "मनानं" एवढं म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच ढिलं पडलं असतं. चित्रकाराची कल्पना, नावं सुचली तशी लिहिली, संपलं. मी म्हणालो, "पाहून काढलं. माझ्या चित्रात एक रेघ मनाची नसते." लोक म्हणतात मास्तर घाबरला असेल. घाबरलो तर होतोच. पण खरं सांगायचं तर त्या घटकेलाही माझ्या चित्राची कुणी परीक्षा करतं आहे याचाच मला तोरा होता. या माझ्या स्वभावाला मी काय नाव देऊ!

अधिकाऱ्यानं पाच नावं वाचली. पाच जण उभे राहिले. "चिठ्ठ्या कोणी लावल्या?" नामदेवनं तोंड उघडलं, तेवढ्यात देवळे पुढे झाले आणि त्या बारीक आवाजात म्हणाले, "मी लावल्या. सगळ्या मीच लावल्या. नाटकात पात्रं वाटतात तशा बाजू वाटून दिल्या. या पोरांना त्यातलं काही कळत नाही." नामदेव लालबुंद झाला. "हे खोटं हाय जी! माही चिठ्ठी म्या लावली! म्या सोता…" आणि मग ते झालं जे त्या शाळेत कधी झालं नव्हतं. देवळे त्याच्या अंगावर ओरडले. "नाम्या! खाली बैस! तुला अक्कल आहे का? मी सांगितलं तिथे लावलीस तू!" नामदेव बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, असतं तर बरं झालं असतं. अधिकाऱ्यानं विचारलं, "आणि तुमची चिठ्ठी कुठे आहे, मास्तर?" देवळे म्हणाले, "ती पाचही माझीच समजा." ते लिहून घेतलं गेलं. त्याच दुपारी त्यांना नेलं. पोरांना छड्या बसल्या, पालकांकडून लेखी घेतलं गेलं आणि पाचही जणं पुढे मॅट्रिक झाली.

तुरुंगातून सुटल्यावर त्यांना कुठल्याच शाळेनं ठेवलं नाही. ते रिसोडला गेले, एक खोली घेतली, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे आणि चार-दोन मुलांना शिकवायचे. मी वर्षातून एखादी खेप टाकायचो. चहा व्हायचा, हवापाण्याच्या गोष्टी व्हायच्या. मागच्या दिवाळीनंतर शेवटचा गेलो तेव्हा ते खोकत होते. स्वराज्य येऊन वर्ष उलटलं होतं. मी धीर करून म्हणालो, "देवळे, त्या दिवशी मी…" त्यांनी हात वर केला. "चित्र चांगलं होतं हो," ते म्हणाले, "काटेसुद्धा बाभळीचेच दिसत होते." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री नीट झोपलो असतो. निघताना एवढंच विचारलं, "नामदेवराव भेटतात का?" मी नाही म्हणालो. नामदेव आता आसेगावच्या शाळेत मास्तर आहे. त्यानं सात वर्षांत देवळ्यांचं नाव काढलं नव्हतं.

त्या दिवशी बाजारात सखारामजींनी पुढे सांगितलं. "आमचा नामदेव घरी आला हाये, पोट्टा कालपासून जेवला नाही. तुमी रिसोडले जाऊन राह्यले असान तं त्याले संग न्या." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मोटारीनं गेलो. रिसोड जवळ आलं तेव्हा नामदेव म्हणाला, "सर, मार खाल्ला त्याचं काही नाही. पन माह्याजवळ तवा दुसरं काय होतं? येक मत होतं. थे बी त्याईनं माहं नाही म्हनून सांगतलं."

खोलीत देवळेवहिनी एकट्या होत्या. भिंतीला तीच अंबाडीची दोरी बांधलेली, त्यावर त्यांचं धोतर अजून वाळत घातल्यासारखं. वहिनींनी आमच्याकडे पाहिलं, विशेषतः माझ्याकडे, आणि कोनाड्यातून एक पत्र्याचा डबा काढून दिला. आत बाभळीचे काटे होते आणि चिठ्ठ्या. नामदेवनं आपली शोधली. कागद पिवळा पडला होता. त्यानं ती उलटी केली. मागे देवळ्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "ही नामदेवरावांनी स्वतः लावली." बाकीच्या चारांच्या मागेही तसंच, ज्याच्या त्याच्या नावानं. तुरुंगातून आल्यावर पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं, वहिनी म्हणाल्या. नामदेव भिंतीकडे तोंड करून रडला, सात वर्षांचं रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "आता माही जागा थोडी सरकली हाये, सर. थे त्याईले सांगाचं राह्यलं."

डब्याच्या तळाशी आणखी दोन चिठ्ठ्या होत्या. एकीवर "रा. देवळे". ती हातात घेतली तर कागदाची चाळणी झालेली, काट्याची इतकी भोकं. वहिनी म्हणाल्या, "घरी रोज लावायचे हो… वर्तमानपत्र वाचलं की उठून हलवायचे. मी म्हणायची, एकदा काय ते ठरवा. तर म्हणायचे, ठरलं तर मग उद्या उठायचं कशाला." दुसरी चिठ्ठी माझी होती. "विनायकराव", त्यांच्याच अक्षरात. मी कधी मागेन म्हणून करून ठेवली असावी. मी ती खिडकीशी नेली, उजेडासमोर धरली, मागूनपुढून पाहिली. सात-आठ वर्षं जुना कागद, कडा झिजलेल्या. आणि त्याला एकही भोक नव्हतं.