शिमिटातलं प्लास्टिक आणि मामींच्या शेळ्या

वारंगा फाट्यापासून डोंगरकड्यापर्यंत वाऱ्यावर उडणारी कुठलीही प्लास्टिकची पिशवी शेवटी माझ्या मामेसासऱ्यांच्याच पोत्यात जाते, असं मी छातीठोकपणे सांगतो. मामा फाट्यावर कुंपणाचे सिमेंटचे पोल ओततात. लोक सकाळी फिरायला जातात, मामा प्लास्टिक वेचायला जातात. मग ते धुतात, मामींच्या साड्यांशेजारी दोरीवर वाळत घालतात, बारीक कापतात आणि थोड्या वाळूच्या जागी काँक्रीटमध्ये कालवतात. "जास्त न्हाई टाकायचं, जावई. जास्त झालं की पोल दम धरत न्हाई," हे त्यांनी मला जेवताना, एसटीत आणि एकदा अंत्ययात्रेतही सांगितलं आहे. सेनगावच्या एका लग्नात ते पंगतीतले रिकामे ग्लास गोळा करत होते. नवरीच्या चुलत्याला वाटलं, हा आचाऱ्याचाच माणूस. "बाबा, पानी कोन वाढनार?" म्हणून त्याने दटावलं. मामांनी निमूटपणे अख्ख्या पंगतीला पाणी वाढलं आणि पोतं भरून घरी आणलं. आहेर मात्र द्यायचा राहिला.

कारण ठाऊक असल्यामुळे आम्ही त्यांना फार हसत नाही. मामींची एक शेळी पोट फुगून मेली, तेव्हा तिच्या पोटातून पिशव्यांचा गोळा निघाला. "असं पुन्ना झालं तर मी समद्या शेळ्या इकून टाकीन," मामी म्हणाल्या. मामींचा जीव शेळ्यांवर आणि मामांचा मामींवर. "शिमिटात गेलं की जनावराच्या पोटात जात न्हाई," असं म्हणत मामा कामाला लागले. शेळ्यांना पाणी प्यायला याच काँक्रीटचा हौद बांधून मामींना खूश करायचं, असा त्यांचा बेत होता.

हौदाला प्लास्टिक बरंच लागणार होतं. कात्रीने बोटं सुजली, तेव्हा मामांनी पिशव्या सरळ घरच्या कडबा कुट्टीच्या यंत्रात घातल्या. भुगा झकास पडला. दुसऱ्या दिवशी मामींनी त्याच यंत्रात शेळ्यांचा कडबा कापला, आणि शेळ्या खायला लागल्यावर मामींना टोपल्यात लाल-निळे तुकडे चमकताना दिसले.

"काय करून राहिले तुमी?" एवढंच मामी म्हणाल्या.

"यंत्र पुसलं व्हतं मी," मामा म्हणाले.

शेळ्या सगळ्या वाचल्या. पण मामींनी पुढच्या बाजारात त्या विकल्या. मामांनी अडवलं नाही.

हौद मात्र पक्का झाला. आता तो मामांच्या दारात रस्त्याला लागून आहे. मामी रोज तो भरतात आणि धनगरांची शेरडं त्यावर पाणी पितात. ती पिऊन पुढे जाईपर्यंत मामी पदराला हात पुसत तिथंच उभ्या असतात. एरवी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून काँक्रीट समजावणारे मामा तेवढा वेळ पोलांच्या आड जाऊन बसतात. मला फार वाईट वाटतं. मग मीच शेजारी बसून विचारतो, "मामा, प्लास्टिक किती टाकायचं म्हणालात?"

"थोडंच," मामा म्हणतात, आणि पुढचं काही सांगत नाहीत.