आयर्लंडमावशी

आयर्लंडमावशींना राग आला की त्या चष्मा काढून ओढणीने पुसायच्या. दिवसातून पंधरा वेळा तरी पुसायच्या, त्यामुळे वेंटवर्थव्हिलच्या आमच्या गल्लीत त्यांच्याइतक्या लख्ख काचा कुणाच्याच नव्हत्या. आयर्लंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुण्याहून त्या इकडे परदेशात मुलाकडे नातवंडं सांभाळायला आलेल्या. पण किराणा दुकानात कढीपत्ता निवडणाऱ्या अनोळखी बाईलाही त्या विचारायच्या, "तुमच्या ओळखीचं आयर्लंडला कुणी आहे का हो?" म्हणून हे नाव पडलं. खरं नाव सुमती. लोक हसायचे. सुरुवातीला मीही हसले, हे कबूल करते.

त्यांच्या आजोबांची, म्हणजे गोविंदरावांची, मोठी बहीण द्वारका. बालविधवा. विशीत ती मिशनच्या दवाखान्यातल्या एका आयरिश बाईंबरोबर नर्सिंग शिकायला बोटीने निघून गेली. बापाने इकडे तिचं घटश्राद्ध घातलं. जिवंत मुलीचं श्राद्ध! तिची पत्रं आली ती न उघडता बंबात गेली. आठ वर्षांच्या गोविंदाने एका पाकिटाचा तिकिटाकडचा तुकडा तेवढा लपवला. त्यावर दक्षिण आयर्लंडमधल्या एका गावाचा शिक्का होता. म्हातारपणी त्यांनी तो नातीला, म्हणजे मावशींना दिला आणि म्हणाले, "अक्काला शोध."

मावशींनी ते साठ-पासष्ट वर्षं मनात ठेवलं. मग त्यांच्या माहेरच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार असं कळलं. आडनाव इथे लिहीत नाही. त्या समितीला फुकटची प्रसिद्धी कशाला? जुन्या आवृत्तीत द्वारकेपुढे छापलं होतं, 'बालपणी निवर्तली.' मावशींपुढे होतं, 'प्रभाकर यांस दिली.' "दिली म्हणे! मी काय विरजणाची वाटी आहे?" चष्मा पुसला गेला. "माझं राहू दे. पण तिचं खोटं मरण मी दुसऱ्यांदा छापू देणार नाही." समितीचं उत्तर आलं, पुरावा आणा.

तो आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी पॅरामॅटाला सरकारी खात्यात नोकरीला, म्हणजे मला कागदपत्रातलं सगळं कळतं असा त्यांचा ग्रह होता. दर शनिवारी त्या डब्यात थालीपीठ घेऊन यायच्या आणि मी लॅपटॉप उघडायचे. ती तिथे असताना झालेल्या जनगणनेचे कागद सरकारनेच पुढे कागदटंचाईत लगदा करायला दिले होते. आधीचे बरेचसे यादवीत डब्लिनच्या दफ्तरखान्याला आग लागली तेव्हा जळले. पुढची शाबूत जनगणना पाहिली, तर तिच्यात द्वारका नाही. सासरच्या आडनावाने शोधलं, माहेरच्याने शोधलं. काही नाही. एकदा कंटाळून मी म्हटलं, "जाऊ द्या ना मावशी."

"हेच. हेच म्हणून आमच्या घरात माणसं गाडली," त्या म्हणाल्या. "डब्लिनला निदान तोफा तरी चालल्या गं. आमच्याकडे आंघोळीच्या पाण्यासाठी जाळली तिला." त्यानंतर मी त्यांच्यासमोर ते शब्द उच्चारले नाहीत.

एका शनिवारी मी त्यांना क्लिनिकमध्ये घेऊन गेले. पासपोर्टावर कुणीतरी नवऱ्याचं नाव आडनावाच्या रकान्यात भरलं होतं, त्यामुळे रिसेप्शनवरच्या मुलीने हाक मारली, "मिसेस प्रभाकर!" मावशी तडकल्या. "आय ॲम नॉट प्रभाकर! प्रभाकर इज डेड!" ती बिचारी म्हणाली, "नो वरीज, डार्लिंग." मावशींनी चष्मा काढला, पण पुसला नाही. तशाच उभ्या राहिल्या.

"अगं, तिलाही तिथे असंच विचारलं असेल ना? नाव काय, पुढचं काय? बापाने श्राद्ध घातलेलं. नवरा तिने धड पाहिलासुद्धा नव्हता. मग ती कुणाचं नाव लावेल?" मी फोन काढला. "गोविंद टाक," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसून मी फोनवर त्या गावच्या चर्चची दफननोंद शोधली. सापडली. द्वारका गोविंद, नर्स, वय सत्तावीस, तापाने मृत्यू, जन्म हिंदुस्थान. मावशींनी फोन हातात घेतला आणि भर क्लिनिकमध्ये ढसाढसा रडल्या. "आठ वर्षांच्या भावाचं नाव लावलं गं तिने. तिला दुसरं कुणी उरूच दिलं नव्हतं."

नोंदीच्या पानाचा फोटो त्याच संध्याकाळी समितीला गेला. तीन आठवड्यांनी अध्यक्षांचं उत्तर आलं. दफन ख्रिस्ती स्मशानात झालेलं आहे, घराण्यात भाऊ-बहिणीचं नाव लावण्याची प्रथा नाही, सबब पुरावा ग्राह्य धरता येत नाही. वाद टाळण्यासाठी जुनाच मजकूर ठेवावा असं ठरलं. वाद कुणाला होणार होता? सगळे मेलेले! मावशींनी मला बसवून उत्तर लिहून घेतलं. एकच ओळ: "मग माझ्यापुढेही छापा, सुमती, बालपणी निवर्तली." मुलगा वैतागला. "आई, स्टॉप इट, लोक हसतात." त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

हिवाळ्यात मावशी गेल्या, झोपेत. ग्रंथ त्यानंतर आला, माझ्या पत्त्यावर, कारण मुलगा फेकून देईल ही त्यांना खात्री होती. जाडजूड, सोनेरी अक्षरांचा. द्वारका, बालपणी निवर्तली. सुमती, प्रभाकर यांस दिली. माझं डोकं फिरलं. मी थेट पुण्याला अध्यक्षांना फोन लावला.

"ताई," ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "द्वारकाबाई तर केव्हाच्या गेल्या. आता सुमतीताईही गेल्या. तुम्ही तर आमच्या घराण्यातल्याही नाही. जाऊ द्या ना."

तेव्हापासून दर शनिवारी, थालीपिठाच्या वेळेला, मी अध्यक्षांना फोनवर चर्चच्या नोंदीचं ते एकच पान पाठवते. सोबत मजकूर नाही, नमस्कारही नाही. गेल्या महिन्यात त्यांनी मला ब्लॉक केलं. म्हणून आता ते पान टपालाने जातं, आणि पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव मी ठळक लिहिते: द्वारका गोविंद. त्यांच्याकडे आता बंब नसेल.