सुमीच्या मांडीवरचं जाळं

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाई. नवऱ्याले नाई, मायले नाई. तुलेच पहिल्यांदा सांगून राह्यली — आता काऊन भ्यावं, सांग? बाबा गेले, तळ्यावरचे म्हातारेही गेले. भेव तेवढं राह्यलं.

तेव्हा आम्ही दहावीत होतो, मी आन् सुमी. गाव मूल शहराजवळचं, दोघींचीही घरं तळ्याच्या मासोळीवर जगणारी. नागपूरच्या एक ताई आल्या, पोरींच्या हाती रीळचे कॅमेरे दिले. तुमचं वय, तुमचे दिवस, तुम्हीच दाखवा म्हणे. मूलच्या शाळेत प्रदर्शन लावू. माय व! मले तर आभाळ ठेंगणं झालं. फोटो सगळ्यांत चांगला माझाच पाहिजे, एवढंच डोक्यात.

सुमी हसली की गालाले खळी पडे. म्हणून तिचाच काढाले गेली. तर ती घरापुढच्या सपरीच्या कोपऱ्यात बोऱ्यावर बसलेली, बाजूले तिचं वेगळं जर्मनचं ताट धुऊन पालथं ठेवलेलं. बाहेर बसली होती. आमच्यात त्या दिवसांत पोरीनं जाळ्याले शिवायचं नाई. शिवली, तर तळं मासोळी देत नाई म्हणते. आन् जाळं तर तिथीच खुंटीवर होतं — तिनं अन् तिच्या बाबानं मिळून विणलेलं.

मी म्हटलं, मांडीवर घे. ती नाई म्हणे. परत म्हटलं, परत नाई. "फोटोत कोणाले काय समजते व?" असं म्हणून मीच जाळं काढलं आन् तिच्या मांडीवर टाकलं. तिनं भीत भीत बोटं घातली, मग — कसं सांगू — हसली. मी बटन दाबलं. मले कॅमेऱ्यातून तिची खळीच दिसे. ते पालथं ताट दिसलंच नाई.

प्रदर्शनात तो फोटो मोठा करून मधोमध लावला. गावची माणसं ट्रॅक्टरनं आली. मी मिरवून राह्यली होती, तेवढ्यात आमच्या तळ्यावरच्या एका म्हाताऱ्यानं त्या ताटावर बोट ठेवलं. झालं! त्या साली तळ्यात मासोळी लागलीच नव्हती. गलका झाला. सुमीचे बाबा, लक्ष्मणभाऊ, फोटोसमोर उभे, तोंड काळंठिक्कर. बाजूले माझे बाबा. आता माझं नाव आलं, तर माझी शाळा गेली — दुसरं काही सुचेच ना.

लक्ष्मणभाऊंनी मलेच विचारलं, "पोरी, तू होती ना तिथी? जाळं कोणं काढलं?"

"तिनंच," मी म्हटलं. "मी नको म्हणत होती."

हे नको म्हणत होती, ते तर कोणी विचारलंही नव्हतं. ते काऊन जोडलं मी? सुमी माझ्या मागंच होती. सगळं ऐकलं तिनं.

लक्ष्मणभाऊंनी जाळं जाळून टाकलं. सुमीची शाळा त्याच दिवशी सुटली, परीक्षा तोंडावर असताना. तिच्या रिकाम्या बाकाशेजारी बसून मी पेपर लिहिले, पास झाली. आज मी दुसऱ्यांच्या पोरींले शिकवते.

मागच्या बाजारात ती दिसली. राजुऱ्याकडे दिली तिले. मी काढता पाय घेऊन राह्यली होती, तर तिनंच हाक मारली. मले वाटलं — आता विचारते! पण ती म्हणाली, "तो फोटो आहे का व तुह्यापाशी? माही पोरगी पाहाले मागते. त्या वयाचा माहा दुसरा फोटोच नाई."

मी म्हटलं, हरवला.

हरवला नाई. माझ्या पेटीत आहे, साड्यांच्या खाली. आतापर्यंत तो कोणाच्या हाती दिला नाई, सुमीच्याही नाई.